भरलेला ड्रिंकर बघून खूश होऊ नका: थंडीतल्या कोंबड्यांच्या पाण्याचं साधं गणित



डिसेंबर उजाडला की मला एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोंबड्यांचं पाणी गोठू नये म्हणून हीटरवाला ड्रिंकर घ्यावा का?" सोबत अमेरिकेतल्या एखाद्या व्हिडिओची लिंक असते. त्यात बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ड्रिंकरखाली विजेवर तापणारी तबकडी. विचारणारा असतो चिखलीचा, मेहकरचा नाहीतर मोताळ्याचा.

आधी सरळ उत्तर देतो. नको. तो खर्च आपल्यासाठी नाही. पाण्याचा बर्फ व्हायचा तर पारा शून्याच्या खाली जाऊन काही तास तिथेच राहावा लागतो. लडाखमध्ये, काश्मीरमध्ये तसं होतं. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, कोंबड्यांचं पाणी गोठत नाही.

पण म्हणून निश्चिंत राहू नका. आपल्याकडे पाणी गोठत नाही, गार पडतं. आणि गार पाण्याचं नुकसान गोठलेल्या पाण्यापेक्षा फसवं असतं. बर्फ झाला तर तो डोळ्यांना दिसतो, माणूस लगेच धावपळ करतो. गार पाणी मात्र भरलेल्या ड्रिंकरमध्ये शांत पडून असतं आणि कोंबडी ते पीत नाही. आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

मी स्वतः असाच फसलो होतो.

## माझी पहिली हिवाळी बॅच

घाटावर, शेतातल्या छोट्या शेडमध्ये मी जानेवारीत ५०० पिल्लं टाकली. ब्रूडर लावला, बल्ब लावले, तूस अंथरलं. रात्री दहाला सगळे ड्रिंकर काठोकाठ भरायचे आणि झोपायचं, असा माझा नेम. सकाळी सहाला बघायचो तर ड्रिंकर जवळपास तसेच भरलेले. मला बरं वाटायचं. म्हटलं, पाणी भरपूर आहे, पिल्लांना काही कमी नाही.

तिसऱ्या दिवशी मर सुरू झाली. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर ढीग करून बसलेली. मी धावत तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी औषधाचं नाव नंतर सांगितलं. आधी म्हणाले, "ड्रिंकरमध्ये हात घाला." मी घातला आणि पटकन काढला. "तुम्हाला बोट ठेववत नाही, ते चाळीस ग्रॅमचं पिल्लू पिणार कसं?"

त्या आठवड्यात चाळीसेक पिल्लं गेली. वाचलेली लहान-मोठी झाली, एकसारखी वाढलीच नाहीत. व्यापाऱ्याने त्यातली मोठी उचलली, बारकी माझ्या गळ्यात राहिली आणि पुढचे पंधरा दिवस फुकटचं खाद्य खात राहिली. मेलेल्या पिल्लांचं नुकसान मी लगेच मोजलं होतं. या बारक्यांचं नुकसान मला हिशेबाची वही बंद करताना कळलं, आणि ते जास्त होतं.

## थंडी किती असते, आणि कुठे जास्त लागते?

हवामान खात्याच्या भाषेत मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतात? किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त कमी असेल तेव्हा. दरवर्षी अशी लाट येईलच असं नाही. पण येते तेव्हा सांगून येत नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि त्याच आठवड्यात निफाडला तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. महाराष्ट्रात असं होऊ शकतं, एवढं लक्षात ठेवायचं.

आपल्या जिल्ह्यात बुलढाणा शहर, चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्याचा. घाटाखालचे मित्र म्हणतात, "आमच्याकडे कुठे थंडी!" पण स्वच्छ आकाशाच्या रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. नाल्याकाठच्या शेतात पहाटे जास्त गारठा लागतो, हे तुम्ही हरभऱ्याला पाणी द्यायला गेलात तेव्हा अनुभवलं असेल. तुमचं शेड अशा खोलगट जागी असेल तर तालुका कोणता हे विसरा, थंडी तुमच्याकडे आहे.

## कोंबडी आणि पाणी: तीन गोष्टी समजून घ्या

पहिली गोष्ट. कोंबडी जेवढं खाद्य खाते, त्याच्या साधारण पावणेदोन ते दोन पट वजनाचं पाणी पिते. थंडीत हे प्रमाण थोडं कमी होतं, ते नैसर्गिक आहे. पण पाणी फारच कमी झालं तर खाद्यही कमी होतं. कोरडं खाद्य गळ्याखाली उतरायला आणि पचायला पाणी लागतं. म्हणून गडबड आधी पाण्यात दिसते, मग खाद्यात, मग वजनात.

दुसरी गोष्ट. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. तिने १२ अंशांचं ३०० मिली पाणी प्यायलं, तर ते शरीराइतकं गरम करायला जवळपास ९ किलोकॅलरी ऊर्जा लागते. ब्रॉयलरच्या खाद्यात किलोला साधारण ३००० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका कोंबडीचं रोज ३ ग्रॅम खाद्य नुसतं पाणी गरम करण्यात गेलं. तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही? १००० कोंबड्यांचे ३ किलो झाले, रोजचे. तुम्ही सगळ्यात महागडं इंधन जाळून पाणी तापवताय.

तिसरी गोष्ट, अंड्यांची. अंड्याच्या आतल्या भागात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. लेअर किंवा गावरान कोंबडीचं पाणी कमी झालं की अंडी लगेच घटतात. आणि कधी घटतात? नेमकं हिवाळ्यात, जेव्हा अंड्यांना मागणी जास्त असते. सीझनला दुकान बंद ठेवण्यासारखंच आहे हे.

## पैशात किती?

एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा १००० ब्रॉयलर, प्रत्येकी २ किलो वजन. एफसीआर म्हणजे एक किलो वजन वाढवायला किती किलो खाद्य लागलं. तो १.७ च्या जागी १.८ आला. फरक फक्त ०.१ चा. पण २००० किलो वजनावर तो २०० किलो खाद्य होतो. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर ८००० रुपये. करारावर काम करत असाल तर खाद्य कंपनीचं असतं, पण बहुतेक करारांत तुमचा दर एफसीआर आणि मर यांवरच ठरतो. म्हणजे फटका तुम्हालाच.

## फुकटचा गीझर तुमच्या शेतात आहे

आता उपाय. सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे. हिवाळ्यात पहाटे विहिरीवर गेलात तर पाण्यावर वाफ दिसते. बोअरचं पाणी हातावर घेतलं तर कोमट लागतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतं, हवा गार झाली तरी ते होत नाही. हेच पाणी आपण टाकीत चढवतो, रात्रभर उघड्यावर ठेवतो, पातळ पाइपातून फिरवतो आणि गार करून कोंबड्यांना देतो!

म्हणून पहिला नियम: हिवाळ्यात सकाळचं पहिलं पाणी ताजं द्या. मोटर सुरू करा आणि त्याच पाण्याने ड्रिंकर भरा.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे कृषी फीडरची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री." बरोबर आहे. रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात लाइट जाण्याआधी शेवटी टाकी भरून घ्या आणि ते पाणी गार होऊ देऊ नका. त्यासाठी:

- टाकीला बारदान गुंडाळा, त्याभोवती सोयाबीनच्या कुटाराची पोती रचा. झाकण घट्ट असू द्या. मोठ्या टाकीतलं पाणी हळू गार होतं, झाकलेलं तर आणखी हळू.
- जमत असेल तर दोनशे लिटरचा एक ड्रम शेडच्या आत ठेवा. सकाळच्या पाण्यासाठी तोच वापरा.
- टाकी दिवसा उन्हात राहील अशी ठेवा. उन्हाळ्यात तिच्यावर सावली करायची, हिवाळ्यात काढायची.

## खरा चोर पाइप आहे

मोठी टाकी रात्रीतून थोडीच गार होते. पण पातळ पाइपातलं पाणी पहाटेपर्यंत पूर्ण हवेइतकं गार होतं. आणि सकाळी कोंबडीच्या तोंडात पहिलं तेच जातं.

ते किती असतं? २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १०० फूट पाइपमध्ये साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे एक बादलीसुद्धा नाही! निपल लाइन असेल तर पहाटे शेवटचा व्हॉल्व्ह उघडून ते एवढं पाणी सोडून द्या. टोकाला हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग बंद करा. पाणी शेडच्या आत सांडू नका, पाइप लावून बाहेर काढा. ओल्या तुसाने नवीन दुखणं सुरू होतं. शेडबाहेरच्या उघड्या पाइपला जुनी गोणपाटं गुंडाळा, नाहीतर वीतभर खोल मातीत पुरा.

## पिल्लांसाठी वेगळं गणित

पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःचं शरीर नीट गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करायची. एवढ्या उबेत बसलेलं पिल्लू १२ अंशांचं पाणी प्यायलं तर गारठतं. गारठलं की पुन्हा उबेत जाऊन बसतं, परत पाण्याकडे येत नाही. तिथून घसरण सुरू होते.

पिल्लांचं पाणी २० ते २५ अंश असू द्या. त्यासाठी:

अर्धाच ड्रिंकर भरा. पहिल्या दिवशी एक पिल्लू साधारण २५ ते ३० मिली पाणी पितं. ५०० पिल्लांना दिवसाला १५ लिटरच्या आत झालं. मी काय करत होतो? चार लिटरचे दहा ड्रिंकर, म्हणजे ४० लिटर भरत होतो. त्यातलं अर्ध्याहून जास्त नुसतं गार व्हायला ठेवलं होतं! थोडं भरा, दिवसातून चार-पाच वेळा बदला. रात्री झोपण्याआधी एकदा आणि पहाटे उठल्याबरोबर एकदा, या दोन वेळा चुकवायच्या नाहीत.

गरम पाणी मोजून मिसळा. १२ अंशांच्या १५ लिटर पाण्यात ८० अंशांचं अडीच लिटर पाणी मिसळलं की सगळं मिळून जवळपास २२ अंश होतं. चुलीवर एक पातेलं तापवलं की काम झालं. बादलीत मिसळा, हात घालून बघा, मगच ड्रिंकरमध्ये ओता. उकळतं पाणी थेट ड्रिंकरमध्ये ओतू नका.

ड्रिंकरची जागा बघा. बल्बच्या अगदी खाली ठेवला तर पाणी तापतं, चिक गार्डच्या कडेला ठेवला तर गार पडतं. उबेच्या वर्तुळाच्या काठावर ठेवा. ड्रिंकरचा काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला.

पिल्लं येण्याआधी तयारी. हिवाळ्यात ब्रूडर आदल्या दिवशीच सुरू करा. तूस आणि जमीन गरम व्हायला वेळ लागतो. गुळाचं पाणी द्यायचं तर पहिल्या काही तासांपुरतं द्या, रात्रभर ठेवलं तर आंबतं.

पोटली तपासा. पिल्लं येऊन २४ तास झाले की वीस-पंचवीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पोटली हलक्या बोटाने दाबा. मऊ आणि भरलेली लागली तर खाद्य-पाणी दोन्ही गेलंय. कडक लागली तर खाद्य गेलंय, पाणी नाही. रिकामी लागली तर दोन्ही नाही. शंभरातल्या पंच्याण्णव पिल्लांची पोटली भरलेली असायला हवी. ही तपासणी मला तेव्हा माहीत असती, तर ती बॅच मी दुसऱ्याच दिवशी सावरली असती.

## तीन चुका ज्या महागात पडतात

पहिली, पडदे पूर्ण बंद करणं. थंडी म्हणून शेड डबाबंद केलं की अमोनिया साठतो. शेडमध्ये पाऊल टाकताच तुमचे डोळे चुरचुरले, तर कोंबड्या रात्रभर त्यातच बसल्यात असं समजा. मग श्वासाचे आजार येतात. पडदे खालून बंद ठेवा, वरून फूटभर फट राहू द्या. ऊन आलं की उन्हाची बाजू उघडा.

दुसरी, बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी. शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. कोंबड्यांचा आणि तिथे झोपणाऱ्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. शेगडी वापरलीच तर हवा खेळती हवी, आणि तिथे कुणी झोपायचं नाही. तसंच पाणी तापवायचा विजेचा रॉड ड्रिंकरमध्ये किंवा कोंबड्यांच्या आसपास कधीही लावू नका. ओलं शेड आणि उघडी वायर हा खेळ नाही.

तिसरी, लसीचं पाणी. ही चूक नवीन लोक हमखास करतात. राणीखेतची लासोटा लस पाण्यातून द्यायची असेल तर कोंबड्यांनी ते पाणी तासा-दोन तासांत संपवलं पाहिजे. थंडीत तहान कमी असते, पाणी तसंच पडून राहतं आणि लस निकामी होते. तुम्हाला वाटतं लसीकरण झालं, प्रत्यक्षात अर्ध्या कोंबड्या उघड्याच. म्हणून हिवाळ्यात लसीआधी पाणी बंद ठेवायची वेळ थोडी वाढवावी लागते, दोन-तीन तासांपर्यंत. ऊन चढल्यावर लस द्या. लसीचं पाणी मात्र गरम करू नका, जिवंत लस गरम पाण्यात मरते. क्लोरीन टाकलेलं पाणीही नको. किती तास, किती लिटर, हे तुमच्या पक्ष्यांचं वय बघून डॉक्टरांना विचारून ठरवा.

## मग हीटर कधीच नको का?

हिशेबानेच बोलू. २०० लिटर पाणी १० अंशांनी गरम करायला साधारण २.३ युनिट वीज लागते. तुमच्या बिलातल्या दराने गुणा. रक्कम छोटी वाटेल. पण हीटर, त्याची सुरक्षित वायरिंग, थर्मोस्टॅट हा खर्च वर्षातल्या मोजक्या गारठ्याच्या दिवसांसाठी होतो. आणि लाइट गेली की पहिल्या पहाटेच उपाय बंद. त्याच पैशात पाण्याचं मीटर आणि एक चांगला थर्मामीटर येतो, आणि तो बाराही महिने कामाला येतो. आधी ते घ्या.

## आजपासून एक वही

व्यवसाय करायचाय ना? मग अंदाजावर नाही, नोंदीवर चालायचं. एक साधी वही घ्या, चार रकाने पाडा: तारीख, पहाटे पाचचं पाण्याचं तापमान, दिवसभरात लागलेलं पाणी, लागलेलं खाद्य. मीटर नसेल तर बादल्या मोजा. तापमान तीन ठिकाणी बघा: टाकीत, लाइनच्या टोकाला आणि ड्रिंकरमध्ये. पाणी कुठे गार होतंय ते दोन दिवसांत कळेल.

कोंबड्या मोठ्या होत जातात तसं पाणी रोज थोडं वाढायला हवं. ज्या दिवशी वाढलं नाही किंवा कमी झालं, त्या दिवशी शेडमध्ये जाऊन कारण शोधा. मर दिसायची वाट बघू नका.

उद्या पहाटे एवढंच करा. पाच वाजता उठा, स्वेटर घाला, शेडमध्ये जा आणि ड्रिंकरमध्ये बोटं बुडवून हळूहळू दहापर्यंत मोजा. बोटं काढावीशी वाटली, तर ते पाणी लगेच बदला आणि नोंद करा. मला हे कळायला चाळीस पिल्लं जावी लागली.

तुमच्या शेडमध्ये पहाटेचा आकडा किती आला, तालुक्याच्या नावासकट मला नक्की कळवा. घाटावर आणि घाटाखाली किती फरक पडतो ते सगळ्यांनाच कळेल. पुढच्या भागात बघूया ओलं तूस का होतं आणि ते कमी खर्चात कसं सुकवायचं. तोपर्यंत पाण्यावर लक्ष ठेवा.